धानाच्या बांधीत सारसाचं घरटं दिसलं तर

रोवणी आटोपून बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यांत, पाणी साचलं की आमच्या गोंदियात सारसांची जोडपी घरट्याची जागा धरतात. महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः याच भागात, आणि तेही मोजकेच. म्हणून एकेक घरटं वाचवायला हवं. पण बांधी शेतकऱ्याची असते. त्याच्या मनात नसेल तर पक्षिमित्रांनी कितीही धावपळ केली तरी अंडी टिकत नाहीत.

तेव्हा घरट्याची खबर लागली की आधी शेतकऱ्याच्या घरी जा, पक्षी नंतर बघा. नुकसानीची गोष्ट त्याच्याआधी तुम्हीच काढा. सारस आजूबाजूचं धान आणि गवत उपटून चांगला दीड-दोन मीटर रुंद ढीग रचतो. रोवणीची मजुरी नुकतीच चुकवलेल्या माणसाला ते खुपणारच. "काकाजी, इथं किती धान झालं असतं?" असं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून विचारा, ते सांगतील तो अंदाज माना आणि ठरलेली रक्कम लगेच द्या. इथे घासाघीस करणं मला मुळीच पटत नाही. सरकारी भरपाईचा शब्द मात्र देऊ नका, ती तुमच्या हातात नसते. वनविभागाला कळवायचंच, पण शेतकऱ्याला सांगून. अचानक दारात खाकी गणवेश दिसला की "आता जमीन जाते" अशी भीती बसते.

अंडी बहुधा दोन असतात. नर-मादी आळीपाळीने ती साधारण ३१ ते ३४ दिवस उबवतात. एवढे दिवस घरट्याभोवती निंदण नको, फवारणी तर नकोच, कारण सारस त्याच पाण्यातले किडे, बेडूक, गोगलगायी खातो. निंदणाला येणाऱ्या बायांशी स्वतः बोला. दिवसभर बांधीत त्याच असतात, कुत्रं किंवा अनोळखी माणूस आधी त्यांनाच दिसतो.

पाण्याकडे रोज लक्ष हवं. बांधी आटली की कुत्र्यांना घरट्यापर्यंत वाट मिळते. झड लागली की पाणी चढून अंडी बुडतात. बांधीचं तोंड केव्हा उघडायचं, केव्हा बांधायचं, हे शेतकऱ्यालाच ठरवू द्या. वरच्या-खालच्या बांध्यांचा हिशेब त्यालाच कळतो.

पहारा लांबच्या धुऱ्यावरून, दुर्बिणीने. पक्षी अंड्यांवरून उठला तर तुम्ही फार जवळ गेलात, लगेच मागे या. घरट्याचा फोटो आणि ठिकाण व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका.

पिल्लं फुटली की एक-दोन दिवसांत आईबापांमागे चालत घरटं सोडतात आणि शेजारच्या बांध्यांत शिरतात, म्हणून त्या शेतकऱ्यांशीही आधीच बोलून ठेवा. उडायला त्यांना जवळपास तीन महिने लागतात. तोवर हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान कापणीला येतो. हार्वेस्टर लावायच्या आधी बांधी नीट बघा, आणि पिल्लं असतील तर ती बाहेर पडायला एक बाजू मोकळी ठेवून कापायला सांगा.

उन्हाळ्यात सारस दिसतात ते मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या काठी. तिथे मासेमारी करणाऱ्या ढिवर मंडळींशी ओळख ठेवा, तलावात काय बदलतंय ते त्यांना नेमकं ठाऊक असतं. जोडी बहुधा त्याच परिसरात पुन्हा घरटं करते, म्हणून पऱ्हे (रोवणीसाठीची रोपं) टाकायच्या दिवसांतच त्या काकाजींकडे परत जा.