किचनची फक्त शटर बदलायची की सगळे बॉक्स?

शटरकडे, म्हणजे कपाटाच्या दारांकडे, बघून ठरवू नका. सिंकखालचं कपाट रिकामं करा, टॉर्च मारा आणि पाइप भिंतीत शिरतो त्या कोपऱ्यात तळफळीवर स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. टोक सहज रुतलं, भुसा निघाला किंवा फळीची कड पावासारखी फुगलेली दिसली, तर तो बॉक्स, म्हणजे कपाटाचा सांगाडा, गेला. पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेली फळी) एकदा फुगला की वाळवूनही पूर्ववत होत नाही, त्यात स्क्रूही धरत नाही. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी. आधी पेस्ट कंट्रोल, मग बाकीचं.

बरेचदा सिंकखालचा एकच बॉक्स सडलेला असतो, बाकीचे ठणठणीत. मग तेवढाच 18 मिमी बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) प्लायचा नवा करा, आयएस 710 या भारतीय मानकाचा छाप बघून. इतरांची शटर बदला. मात्र ओट्याचा ग्रॅनाइट त्याच बॉक्सवर टेकलेला असेल तर बॉक्स काढण्याआधी दगडाला खालून टेकू द्या, नाहीतर सिंकच्या कापाशी तडा जातो. कडाप्प्याच्या उभ्या फळ्यांवरचा जुना ओटा असेल तर प्रश्नच नाही, सांगाडा दगडाचाच.

प्लायमधले बिजागरीचे स्क्रू ढिले झाले म्हणून कपाट मोडीत काढू नका. भोकात फेविकॉल लावलेली लाकडी काडी ठोका, रात्रभर वाळू द्या, पुन्हा स्क्रू मारा.

नव्या शटरला दोन्ही बाजूंनी लॅमिनेट हवंच. एकाच बाजूला लावलं की शटर वाकतं. आणि मापं प्रत्येक खणाची वेगळी घ्या, जुने ओटे क्वचितच काटकोनात असतात.