खाऱ्या वाऱ्यातली लोडरची ब्रेक डिस्क

जयगडच्या खाडीकाठी उभ्या लोडरची डिस्क चार दिवस गाडी न हलता तांबूस होते. तो गंज वरवरचा. हळू चालवत दहा-बारा ब्रेक मारले की निघतो. खड्डे पडले, चीर दिसली, तर मात्र डिस्क बदलायचीच.

गाडी सपाट जागी, बकेट जमिनीवर, चाकांना ठोकळे. इंजिन बंद करून पेडल पुन्हा पुन्हा दाबा, अ‍ॅक्युम्युलेटरमधला (ब्रेकचा दाब साठवून ठेवणाऱ्या टाकीतला) दाब संपू द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, स्टँड लावाच.

जाडी मायक्रोमीटरने पाच-सहा ठिकाणी मोजा. कडेला गंजाची ओठासारखी उंच धार असते, तिथे मोजलंत तर फसाल. कमीत कमी जाडी बहुतेक डिस्कवर कोरलेली असते. त्याखाली गेली की भंगारात.

नवी बसवण्याआधी हबचा, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या मधल्या भागाचा, तोंडभाग तारेच्या ब्रशने चकचकीत करा. एका पावसाळ्यात घाईत हे मी टाळलं. गंजाच्या पापुद्र्यामुळे डिस्क डुगडुगली, पेडल थरथरलं आणि सगळं पुन्हा उघडावं लागलं. आता डायल गेज (डिस्क किती डुगडुगते ते मोजणारं घड्याळ) लावल्याशिवाय मी चाक चढवत नाही.

डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसा. पॅड दोन्ही बाजूंचे एकदम बदला. कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याच्या, पिना मोकळ्या सरकतात ना, बघा. आमच्याकडे त्याच आधी गंजून अडकतात. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच (ठरवून दिलेल्या जोरानेच) आवळा. मग ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढा, आणि ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असलेल्या गाडीत डॉट फ्लुइड (मोटारींचं नेहमीचं ब्रेक ऑइल) चुकूनही ओतू नका, सगळी सिलं खराब होतील.