1956 सालचं घाटातलं स्टेशन: मॉडेलला हात घालण्याआधी

आधी साल ठरवा. ‘जुन्या काळचं स्टेशन’ एवढ्यावर भागत नाही. मी 1956 धरलंय: कर्जत-लोणावळा घाटातलं छोटं स्टेशन, प्रमाण 1:87, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. घाटात विजेची गाडी 1929 पासून, तेव्हा तारांचे खांब पाहिजेतच. जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची) मध्य रेल्वे झाली 1951 च्या नोव्हेंबरात, म्हणून पाट्या नव्या नावाच्या. बाकांच्या बिडाच्या पायांवर मात्र जीआयपीची अक्षरं खुशाल राहू द्या.

इमारत 1956 ची नको, ती इंग्रजांच्या काळातलीच हवी. भिंती काळ्या दगडाच्या, कोपऱ्यांना घडीव चिरे. बाजारात तयार मिळणारे लाल विटांच्या नमुन्याचे विलायती मॉडेल-पत्रे इथे बाजूला ठेवा. नकाशा मिळाला नाही तर फोटोतल्या दारावरून मापं काढा. सात फुटांचं दार 1:87 मध्ये साधारण साडेचोवीस मिलिमीटर भरतं. फोटो आजचा असेल तर पाण्याच्या प्लास्टिकच्या टाक्या, अॅल्युमिनियमच्या खिडक्या, चकचकीत फरशी यांवर आधी फुली मारा.

छपरावर वेळ घालवा, कारण लेआउट, म्हणजे मॉडेलचा सगळा देखावा, आपण वरूनच बघतो. मंगलोरी कौल सुमारे 16 इंच लांब आणि साडेनऊ इंच रुंद, म्हणजे मॉडेलवर पावणेपाच बाय पावणेतीन मिलिमीटर. एकावर एक चढवल्यामुळे दिसणारी ओळ आणखी आखूड, साडेतीनच्या आसपास. कौलांच्या तयार पत्र्यावरच्या ओळी सहा मिलिमीटरच्या असतील तर तो घेऊ नका, अख्खी इमारत खेळण्यातली दिसते. रंग एकसारखा देऊ नका. घाटातल्या पावसाने कौलं काळवंडतात, पावळीकडे शेवाळ धरतं, आणि फुटलेल्या जागी बसवलेली चार-दोन नवी कौलं शेंदरी उठून दिसतात. कोने, म्हणजे आढ्यावरची कौलं, चुन्यात बसवलेले दाखवा. पागोळ्या पडतात तिथे जमिनीवर धुपलेली रेघ हवी.

मग पाट्या, साल खरं तिथे कळतं. चहाचा भाव आण्यांत, कारण नवे पैसे आले 1 एप्रिल 1957 ला. समुद्रसपाटीपासूनची उंची फुटांत. तिसरा वर्ग 1974 पर्यंत होता, तेव्हा तसा फलक चालेल. सरकारी सूचनेवर महाराष्ट्र शासन लिहू नका, तेव्हा मुंबई राज्य होतं.

तुमचं साल 1935 असेल तर एक अवघड गोष्ट येते. त्या काळी अनेक स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’, ‘मुसलमान पाणी’ अशा वेगळ्या पाट्या असत. फोटोत ती पाटी दिसत असेल तर मॉडेलवरही लावा. बिडाच्या बाकाची नक्षी हौसेने करायची आणि ही पाटी तेवढी गाळायची, हे मला पटत नाही.

अक्षरं हाताने रंगवलेली वाटली पाहिजेत, म्हणून कॉम्प्युटरचे आजचे फाँट टाळा. जुन्या फोटोतल्या पाटीवरूनच अक्षरं गिरवून घ्या आणि मग ती लहान करून छापा.