घरची जुनी गाडी नाशिकहून ब्रिटनला आणताना

नाशिकहून ब्रिटनला मुक्काम हलवणाऱ्यांपैकी काहींचा जीव घरच्या जुन्या गाडीत अडकलेला असतो. कुणाची पद्मिनी, कुणाची अँबॅसिडर, एखाद्याकडे कोंटेसा. ती आणता येते. स्टिअरिंग इथे ब्रिटनमध्येही उजवीकडेच असतं आणि दहा वर्षांपेक्षा जुन्या कारला नव्या गाडीसारखी मान्यता-चाचणी द्यावी लागत नाही. जहाजाचं काम पैसे मोजले की होतं. गाडी अडते ती आरसी बुकावर, म्हणून सुरुवात पेठ रोडच्या आरटीओपासून करा आणि तीही विमानाचं तिकीट काढण्याच्या वर्षभर आधी.

एवढं आधी का, ते सांगतो. मुक्काम हलवणाऱ्याला ब्रिटिश सरकार आयातीच्या करातून माफी देतं. त्यासाठी टीओआर-१ हा अर्ज करायचा आणि गाडी निघण्याआधी मंजुरीचा क्रमांक हातात घ्यायचा. अट अशी की येण्याआधी किमान सहा महिने गाडी तुमच्या मालकीची आणि वापरात हवी, तुम्ही सलग बारा महिने ब्रिटनबाहेर राहिलेले हवेत आणि तुम्ही पोचल्यापासून बारा महिन्यांत गाडी इथे यायला हवी. आल्यावर वर्षभर ती विकायची किंवा कुणाला वापरायला द्यायची नाही. आता आपल्याकडची स्थिती पाहा. गाडी चालवतो नातू आणि आरसीवर नाव आजोबांचं. आजोबा हयात असतील तर फॉर्म २९ आणि ३०, नसतील तर फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र. हे सगळं होऊन नाव चढलं की मग सहा महिने मोजायला लागा. त्या काळातली विमा पॉलिसी, पीयूसी, गॅरेजची बिलं जपून ठेवा. गाडी वापरात होती याचा पुरावा तोच.

आरसीवर आणखी दोन गोष्टी बघा. गाडी कर्जावर घेतलेली असेल तर बँकेचं नाव चाळीस वर्षांनंतरही तसंच राहिलेलं असतं. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर त्या दुसऱ्या बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवून घ्या. दुसरं म्हणजे हाताने लिहिलेलं बुक संगणकावर चढवताना चेसिस नंबरमध्ये एखादा आकडा हमखास चुकतो. पेन्सिलने चेसिस प्रिंट काढा आणि आकडा न् आकडा ताडून पाहा. दुरुस्ती नाशिकमध्येच होते. इथे आल्यावर गाडीची ओळख किंवा वय पटलं नाही तर नंबर प्लेटवर क्यू अक्षर येतं आणि गाडीचा मानही जातो, किंमतही. मूळ आरसी एजंटाकडे सोडू नका, त्याला साक्षांकित प्रत द्या. इथल्या नोंदणीला मूळ बुकच पाठवावं लागतं. मराठीतल्या पावत्यांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत ठेवा.

गाडी १९५० पूर्वीची असेल तर मामला वेगळा. तिची आणि तिच्या सुट्या भागांचीही भारतातून मोकळी निर्यात होत नाही, डीजीएफटीची (परकीय व्यापार महासंचालनालयाची) परवानगी लागते. ती मिळेपर्यंत कंटेनर बुक करू नका.

करमाफीच्या अटीत बसत नसाल, तरी दुसरी वाट आहे. किमान तीस वर्षं जुनी, उत्पादन बंद झालेली आणि मूळ स्थितीतली गाडी संग्राह्य वस्तू म्हणून सीमाशुल्काच्या ९७०५ या शीर्षकाखाली येते. तिला आयात शुल्क नाही आणि व्हॅट फक्त ५ टक्के. समजा गाडी ३,००० पौंडांची आणि वाहतूक-विमा १,५०० पौंड, तर भरायचे २२५ पौंड. तीच गाडी साधी कार म्हणून धरली, तर नेहमीच्या दराने १० टक्के शुल्क म्हणजे ४५०, त्यावर २० टक्के व्हॅट ९९०, असे १,४४० होतात. फरक पडतो तो ‘मूळ स्थिती’ या दोन शब्दांनी. चेसिस, बॉडी, स्टिअरिंग, ब्रेक, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, इंजिन, यांत मोठा बदल चालत नाही. दुरुस्ती आणि रंगकाम चालतं. आपल्याकडे अँबॅसिडरमध्ये दुसरंच डिझेल इंजिन बसवलेलं किंवा पद्मिनीला गॅस किट लावलेलं सर्रास दिसतं. किट आणि टाकी काढून आरसीवरूनही उतरवा. इंजिन बदललेलं असेल तर ही सवलत धरून हिशेब करू नका.

गाडी कसारा घाटातून चालवत न्हावा शेवाला नेऊ नका, फ्लॅटबेडवर टाका. वीस फुटी कंटेनर आतून सुमारे ५.९ मीटर लांब असतो, त्यात पद्मिनी आणि अँबॅसिडर आरामात बसतात. पेट्रोल अगदी थोडं ठेवा, बॅटरीची वायर काढा. गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि हँडब्रेक सोडलेला. ओढून ठेवला तर महिनाभराच्या दमट हवेत ब्रेक शू ड्रमला चिकटतात. पट्टे चाकांना बांधायचे, बंपरला कधीच नाही. चाकांखालच्या लाकडी ठोकळ्यांवर आयएसपीएम-१५ चा, म्हणजे लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा, शिक्का हवा. मडगार्डमधली माती धुऊन काढा. सुटे भाग यादीत लिहूनच भरा.

एक काम मात्र नाशिकमध्येच करा, कारण ते चुकलं तर इंजिनच जातं. आपल्याकडे रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घालायची सवय. इथे हिवाळ्यात ते गोठतं, फुगतं आणि बिडाचा ब्लॉक तडकतो. गाडी डिसेंबरात बंदरावर उतरली तर तुम्ही ताब्यात घेण्याआधीच हे होऊ शकतं. रेडिएटर गंज निघेपर्यंत धुऊन इथिलीन ग्लायकॉल आणि शुद्ध पाणी निम्मं निम्मं भरा, उणे ३५ अंशांपर्यंत चिंता नाही. पितळी रेडिएटरला जुन्या पद्धतीचं निळं कूलंट घ्या.

गाडी उतरली की चौदा दिवसांत महसूल खात्याच्या ‘नोव्हा’ या ऑनलाइन नोंदीत ती दाखवा. त्या नोंदीशिवाय डीव्हीएलए, म्हणजे इथलं आरटीओ, नोंदणी करत नाही. चेसिस नंबरवर विमा काढा, मग व्ही ५५/५ फॉर्म, ओळख आणि पत्त्याचा पुरावा, गाडीच्या वयाचा दाखला आणि ५५ पौंड. वयाचा दाखला जुन्या गाड्यांच्या मान्यताप्राप्त क्लबकडून मिळतो, त्यांना खरेदीची मूळ पावती दाखवता आली तर काम लवकर होतं. माळ्यावरची ट्रंक त्यासाठी उघडा. इथे नंबरातलं अक्षर गाडीचं वय सांगतं, मार्च १९७८ च्या गाडीच्या नंबराला शेवटी एस येतो. चाळीस वर्षं झालेल्या गाडीला रस्ताकर भरावा लागत नाही आणि मोठे बदल नसतील तर एमओटी ही दरवर्षीची तपासणीही लागत नाही. तरी पहिली एमओटी स्वेच्छेने करून घ्याच, ब्रेकचा खरा अंदाज तिथेच येतो. स्पीडोमीटरवर मैल दिसायला हवेत, डायलवर स्टिकर चालतो. १ एप्रिल १९८० नंतरच्या गाडीला मागे लाल फॉग लाइट बसवा.

पेट्रोल ई-५ (जास्तीत जास्त ५ टक्के इथेनॉलचं) भरा, ते इथे सुपर अनलेडेड म्हणून मिळतं. साधं ई-१० जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा खातं. सुट्या भागांबाबत अँबॅसिडरवाले नशीबवान, कारण १४८९ सीसीचं इंजिन मुळात इथल्या बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं. पद्मिनीचे भाग इथे दुर्मीळ. पॉइंट, कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटर कॅप, वॉटर पंप, क्लच प्लेट, हेड गॅस्केट, ब्रेकचे रबर किट, कार्ब्युरेटरचं किट, सगळं दोन-दोन संच घेऊन या. आपल्या मिस्त्रीला व्हिडिओ कॉलवर टायमिंग विचारता येईल, हेड गॅस्केट मात्र त्याला फोनवरून पाठवता येणार नाही.

नाशिकच्या कोरड्या हवेत टिकलेला पत्रा इथल्या रस्त्यावरच्या मिठाने दोन हिवाळ्यांत खालून फुलू लागतो. ऑक्टोबरच्या आत पोकळ भागांत मेणाचा फवारा मारून घ्या आणि मीठ टाकलेल्या रस्त्यावरून गाडी गेलीच, तर त्याच दिवशी खालून साध्या पाण्याने धुवा.