रतनगडावरची सोनकी: जवळचं फूल आणि लांबचा डोंगर एकाच फोटोत

आपल्याकडे पानगळीचे रंग नाहीत म्हणून हळहळणाऱ्यांनी सप्टेंबरच्या अखेरीस रतनगड गाठावा. पाऊस ओसरायला लागला की सोनकी फुलते आणि गडाचा माथा पिवळाधमक होतो. ऑक्टोबर जरा पुढे सरकला की संपलं.

रतनवाडीतून अंधारातच निघा आणि गर्दीच्या आधी शिड्या चढून नेढं, म्हणजे गडमाथ्यावरच्या कातळातलं आरपार भोक, गाठा. कळसूबाई उत्तरेला आहे, म्हणजे सकाळचं ऊन उजवीकडून येतं. अलंग-मदन-कुलंग हे तीन किल्ले तिच्या डावीकडे.

आता खरी डोकेदुखी. पुढ्यातली सोनकी आणि मागचा डोंगर, दोन्ही स्पष्ट हवेत. मी यात बराच काळ अडकलो होतो, कारण जो तो एकच सल्ला देतो: वेगवेगळ्या फोकसचे चार-पाच फोटो काढा आणि घरी जोडा. नेढ्याच्या वाऱ्यात हे करून बघाच! प्रत्येक फोटोत फूल वेगळ्या जागी असतं. जोडल्यावर एकाच देठाला दोन फुलं दिसतात. दुसरा सल्ला एफ/२२चा, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करण्याचा. त्याने सगळा फोटो मऊ पडतो आणि शटर इतकं मंदावतं की फुलांच्या जागी पिवळे फराटे उरतात.

त्यापेक्षा एकाच फोटोत भागवा. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १६ मिमी आणि एफ/११ ठेवा. ऑटोफोकस बंद करून साधारण ८० सेंटीमीटरवर फोकस लावा आणि मग त्या रिंगला हात लावू नका. सुमारे ४० सेंटीमीटरपासून थेट डोंगरापर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. क्रॉप (लहान) सेन्सर असेल तर १० मिमी, एफ/८ आणि ६५ सेंटीमीटर. फूल ४० सेंटीमीटरच्या आत घेण्याचा मोह आवरा, नाहीतर पुन्हा जोडाजोडी आली. शटर १/२५० च्या खाली नको. ढगाळ असेल तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, ८०० करा. त्याने येणारा नॉइज (दाणेदारपणा) नंतर कमी करता येतो, हललेलं फूल सरळ होत नाही.

ट्रायपॉड लावा, पण तो फक्त चौकट धरून ठेवतो, वारा थांबवत नाही. झुळूक ओसरेपर्यंत थांबायचं, मग तीन-चार फोटो सलग.

पोलरायझर हा लेन्सवर लावायचा, फिरवता येणारा फिल्टर ओल्या पानांवरची चकाकी काढतो, म्हणून न्याच. पण इतक्या वाइड लेन्सवर तो पूर्ण फिरवला की निळ्या आकाशात मधोमध काळपट डाग पडतो. शिवाय प्रकाश खातो, म्हणजे आयएसओ आणखी वाढवावा लागतो. निम्माच फिरवा.

धुकं येऊन बसलं तर सॅक आवरू नका. ते मधेच फाटतं, कुलंगचा कडा क्षणभर वर येतो, आणि त्यासाठीच तर एवढं चढून आलो. फक्त एक्स्पोजरवर लक्ष ठेवा: पांढऱ्या धुक्याने कॅमेरा फसतो आणि फोटो काळवंडतो, ऊन पडलं की उलट पिवळा रंग जळतो. पाकळीवरच्या बारीक रेषा जाऊन नुसता सपाट पिवळा ठिपका उरतो. साध्या हिस्टोग्रामवर (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर) हे कळत नाही, तिन्ही रंगांचा वेगवेगळा उघडा. लाल रंगाचा आलेख उजव्या कडेला टेकला की एक्स्पोजर कमी करा.

फुलांत बसून सेल्फी काढणाऱ्यांनी तुडवलेले पट्टे दिसतीलच. आपला ट्रायपॉड कातळावर किंवा पायवाटेवरच टेकवा. घरी सॅच्युरेशनची पट्टी अजिबात ओढायची नाही. सोनकी मुळातच पुरेशी भडक आहे.