बोर्डाचं बटण बंद केलं की कॉम्प्युटरची तारीख मागे जायची

बडोद्यातल्या घरचा जुना डेस्कटॉप. रात्री भिंतीवरचं बटण बंद केलं की सकाळी तारीख 2009 ची, आणि बँकेची साइट सर्टिफिकेटवरून (साइट खरी असल्याचा, ठरावीक मुदतीचा दाखला) अडून बसायची. टाइम झोन बदलला, विंडोजही नव्याने टाकलं, वैताग नुसता! नुसत्या रीस्टार्टला मात्र वेळ बरोबर राहायची, म्हणजे दोष मदरबोर्डवरच्या (आतल्या मुख्य बोर्डावरच्या), वीज नसताना घड्याळ चालू ठेवणाऱ्या सेलचा.

वायर काढली, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरलं, मग झाकण उघडलं. क्लिप बाजूला सारताच सेल टुणकन वर येतो. दांडिया बाजारातून आणलेला सीआर2032, 3 व्होल्टचा, अधिकची खूण वर ठेवून बसवला. चालू करताना डिलीट (काही मशीनला एफ2) दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) तारीख-वेळ भरली, एफ10 ने सेव्ह केली. शेवटी विंडोजमध्ये यूटीसी+05:30 (भारतीय वेळ) निवडून 'सिंक नाऊ'.