जुनी बिल्डिंग मोजायला मोबाईल ॲप घेताय? आधी हे बघा

ठाण्यात नौपाडा, कोपरी, वर्तकनगर आणि खाडीपलीकडे वाशी-नेरूळच्या जुन्या सिडको सोसायट्या, सगळीकडे कुठे रिडेव्हलपमेंट, कुठे स्ट्रक्चरल ऑडिट म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, कुठे घराचं रिनोव्हेशन चालूच आहे आणि प्रत्येक ठिकाणी पहिली अडचण एकच, मंजूर नकाशा मिळत नाही किंवा मिळाला तरी घराशी जुळत नाही. बाल्कनी आत घेतलेली असते, मधली भिंत काढलेली असते, ओटा दुसऱ्या बाजूला गेलेला असतो. म्हणजे जे उभं आहे ते नव्याने मोजणं आलंच.

ॲप शोधायच्या आधी हे ठरवा की मोजमाप कशासाठी हवंय. टाइल्स, रंग, फर्निचरचा अंदाज काढायचा असेल तर इंच दोन इंच इकडेतिकडे चालतं. पण रिडेव्हलपमेंटमध्ये मेंबरला किती जादा जागा मिळणार हे बहुतेक वेळा आत्ताच्या कार्पेट एरियावरून, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवरून ठरतं, तिथे चूक म्हणजे थेट कुणाच्या तरी घरातून जागा कमी. समजा कॅमेऱ्यावर चालणाऱ्या ॲपने लांबी आणि रुंदी दोन्हीत २ टक्के चूक केली, तर क्षेत्रफळात ती ४ टक्के होते, म्हणजे ४५० फुटांच्या फ्लॅटमागे १८ चौरस फूट. ठाण्यातल्या जागेच्या दराने १८ फुटांचा हिशोब करून बघा.

आता फोन. नुसत्या कॅमेऱ्यावर चालणाऱ्या ॲपला कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर आणि अंधाऱ्या पॅसेजमध्ये धरायला काही मिळत नाही, त्यामुळे माप सरकतं. लायडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारा सेन्सर, असेल तर बरंच बरं, पण तो आयफोनमध्ये फक्त प्रो मॉडेल्सना आहे, २०२० च्या १२ प्रोपासून, आणि आयपॅड प्रोमध्ये, बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये नाहीच. त्याचा पल्ला साधारण ५ मीटर. पॉलीकॅम, स्कॅनिव्हर्स ही ॲप्स थ्रीडी स्कॅन छान करतात, पण आपल्याकडच्या भरलेल्या घरात एक गोष्ट कायम लक्षात ठेवा, जमिनीपासून छतापर्यंत कपाट असेल तर स्कॅनला कपाटाचं दार हीच भिंत वाटू शकते आणि खोली दोन फूट लहान येते. आरसे, काच, पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट यांच्यावरही स्कॅन गडबडतं. जिथे शंका आली तिथे टेप लावाच.

एरिया किंवा ऑडिटसाठी माझं मत स्पष्ट आहे, ब्लूटूथवाला लेझर मीटर आणि त्याच्याशी जोडणारं ॲप. लायका डिस्टो किंवा बॉश जीएलएममधले चांगले मॉडेल दीड-दोन मिलीमीटरच्या आसपास अचूक देतात आणि मॅजिकप्लॅनसारख्या ॲपमध्ये लेझरचं बटण दाबलं की आकडा सरळ नकाशावर येतो, लिहायची भानगड नाही. फक्त सगळ्या मॉडेलना ब्लूटूथ नसतं, म्हणून आधी ॲपच्या यादीत मॉडेल आहे का बघा आणि मगच मीटर घ्या.

खरी परीक्षा भिंतीच्या जाडीत होते. स्कॅनला भिंतीचा आतला चेहरा दिसतो, जाडी दिसत नाही. नऊ इंची विटेची भिंत दोन्हीकडच्या प्लास्टरने जाड होते, नौपाड्यातल्या लोडबेअरिंग, म्हणजे भिंतींवरच भार पेलणाऱ्या इमारतीत तर ती आणखी जाड सापडते, आणि त्याच घरातलं पार्टिशन साडेचार इंची असू शकतं. त्यामुळे प्रत्येक भिंतीला वेगळी जाडी देता येते का हे बघा, सगळ्यांना एकच जाडी लावणारं ॲप माझ्या दृष्टीने बाद. जाडी दाराच्या चौकटीत आणि खिडकीच्या सिलवर मोजा. मग घराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दारांच्या रेषेत सलग माप घ्या आणि खोल्या अधिक भिंती यांची बेरीज त्याच्याशी ताडून बघा. दोन इंचांचा फरक निघाला तर कुठलीतरी खोली किंवा भिंत चुकलीय, साइटवरच शोधा, घरी गेल्यावर ते सापडत नाही. तसंच ॲप प्रत्येक कोपरा आपोआप ९० अंशाचा करत असेल तर तो पर्याय बंद करता यायला हवा, जुन्या घरात कोपरे काटकोनात असतील असं धरू नका, म्हणून प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्या.

ॲपने दाखवलेला एकूण एरिया तसाच कुणाला देऊ नका. रेरा या २०१६ च्या घरबांधणी-विक्रीच्या कायद्यात कार्पेट एरियामध्ये आतल्या पार्टिशन भिंती धरतात, पण बाहेरच्या भिंती, डक्ट आणि फ्लॅटची स्वतःची बाल्कनी धरत नाहीत. ॲप काय धरतंय ते तपासा, आणि जुन्या अॅग्रीमेंटमध्ये बिल्टअप, म्हणजे भिंती धरून मोजलेलं क्षेत्र लिहिलंय का तेही वाचा. महापालिकेत द्यायच्या नकाशावर नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनिअरसारख्या तज्ज्ञाची सही लागतेच, ॲपचा पीडीएफ त्याची जागा घेत नाही.

ऑडिटचं काम असेल तर, ३० वर्षांवरच्या इमारतींना ते बंधनकारकच आहे, फोटो नकाशावर त्या त्या जागी टाचता येणं फार उपयोगाचं. कॉलमचा तडा, उघडी सळई, स्लॅबची गळती, सगळं नंतर फोटोंच्या ढिगात शोधत बसायला नको.

पैसे भरायच्या आधी फ्री ट्रायलमध्ये एक्सपोर्ट करून बघा, ही पायरी सोडू नका. ड्राफ्ट्समनला ऑटोकॅडमध्ये उघडणारी डीएक्सएफ फाइल लागते आणि ती बऱ्याचदा महागड्या प्लॅनमध्येच मिळते. फूट-इंच आणि मिलीमीटर दोन्ही चालतात का, नेटवर्क नसताना सेव्ह होतं का, तेही त्याच वेळी बघा, स्टिल्टच्या कोपऱ्यात किंवा पंपरूममध्ये रेंज मिळेलच असं नाही. चाचणीसाठी स्वतःच्या घरातली एक खोली आधी टेपने मोजा, मग ॲपने दोनदा वेगवेगळ्या कोपऱ्यातून सुरुवात करून, आणि तिन्ही आकडे शेजारी ठेवा. दोन्ही वेळा माप वेगळं आलं तर ते ॲप तुमच्या फोनवर तरी नको.

आणि दुसऱ्याच्या घरात स्कॅन सुरू करायच्या आधी विचारा, कारण कॅमेऱ्यात देवघरापासून तिजोरीपर्यंत सगळं येतं आणि काही ॲप्स ते सरळ क्लाउडवर टाकतात. सेटिंगमध्ये ते बंद करता येत नसेल तर त्या घरी लेझर आणि कागदावरचं स्केच वापरा.